शिंदळ माकुडी

शिंदळ माकुडी ही फक्त महाराष्ट्रात, शिवनेरीसारख्या मोजक्या ठिकाणच्या कड्यांवर आढळणारी दुर्मीळ मांसल वनस्पती आहे. आफ्रिकेच्या रखरखीत प्रदेशातील स्टॅपेलिया तिची नातलग. मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्यावरून वनस्पतिशास्त्रज्ञ डाल्झेल यांनी तिला फ्रेरिया इंडिका हे शास्त्रीय नाव दिले. उन्हाळ्यात पाने गाळून ती खोडातल्या पाण्यावर तगते. पावसाळ्यात पालवते आणि पुढे पिवळ्या ठिपक्यांची तांबडी फुले धरते. परागीभवन माश्या करतात.

कबनूरसारख्या गावातल्या अंगणात ती वाढवायची तर रोपवाटिकेतल्या रोपाची फांदी घ्यावी, कड्यावरचे रोप उपटू नये. काप सुकल्यावर फांदी वाळू-मुरुमाच्या कुंडीत लावावी. माती वाळल्यावरच पाणी द्यावे. पाणी साचले की खोड कुजते. गरजेपुरते देऊन थांबणे, हीच या रोपाची खरी काळजी.