नदीवेगळा देव

कल्याणहून उल्हासनगरला निघालात की रिक्षावाला आजही विचारतो, ‘कॅम्प तीन की चार?’ फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना कल्याणच्या लष्करी छावणीतल्या बराकी मिळाल्या; ८ ऑगस्ट १९४९ रोजी तिचं उल्हासनगर झालं. छावणी गेली, आकडे राहिले.

पण सिंध्यांचा झुलेलाल पडला सिंधू नदीचा देव. नदीच परदेशात गेल्यावर त्यानं राहायचं कुठं?

चेटीचंडला, म्हणजे सिंधी नववर्षाला, याचं उत्तर रस्त्यावर दिसतं. थाळीत कणकेचा दिवा, खडीसाखर, फळं मांडलेला बहराणा साहेब नाचत-गात निघतो आणि जवळच्या पाण्यात सोडला जातो. सिंधू कधीच न पाहिलेली नातवंडंही त्यात असतात. कर्मठांना ही तडजोड वाटेल. खरं तर श्रद्धेची हुशारीच म्हणायची.

फाळणीच्याच सुमारास, १९४८मध्ये, पॅलेस्टिनी कुटुंबं घरांच्या किल्ल्या घेऊन परागंदा झाली. काही घरांत त्या किल्ल्या नातवंडांपर्यंत आल्या आहेत. मात्र सिंध्यांना नागरिकत्व मिळालं; लेबनॉनमधल्या बहुतेक पॅलेस्टिनींना ते अजून नाही. तिथे आजोबांची आठवण सणापुरती उरत नाही, हक्काचा पुरावा म्हणून जपावी लागते.

सिंध्यांच्या मागे राहिलेल्या मालमत्तेचा हिशोब १९५४च्या भरपाई कायद्यानं केला. भाषेचा काही लागला नाही. १९६७मध्ये सिंधी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आली, पण लिपी अरबी की देवनागरी, हा वाद अजून मिटायचाय.