न दिसणारा ओरखडा

माणसाने आयुष्यात एकदा तरी घड्याळ उघडून पाहावे, असे माझे मत होते. आता नाही. घड्याळाआधी माणूसच उघडा पडतो.

मला घड्याळदुरुस्तीचा नाद लागला. नाद म्हणजे ज्यात कमाई शून्य आणि नुकसान रोख, असे काम. स्क्रूड्रायव्हरची, म्हणजे आमच्याकडच्या पेचकसांची, पाच नगांची एक स्वस्त पेटी आणली, डोळ्याला लावायचे भिंग आणले आणि पहिले गिऱ्हाईक गाठले ते वसमतचे, आमचे सासरे. त्यांची एचएमटी जनता मागे पडत होती. जावयाला नाही म्हणायची पद्धत नसल्यामुळे ती माझ्या हाती आली.

हे घड्याळ ऐरेगैरे नव्हे. एचएमटीने १९६१ साली जपानच्या सिटिझनच्या साहाय्याने बंगळूरला घड्याळे करायला घेतली आणि २०१६ साली सरकारने त्या घड्याळ कंपनीवर पडदा टाकला. आता जनताचा एखादा स्क्रू गेला, तर तो दुसऱ्या एखाद्या मेलेल्या घड्याळातून काढावा लागतो.

मी पेचकस टेकवला, जोर दिला. पाते खाचेतून सटकले आणि चकचकीत पट्टीवर पांढरी रेघ ओढत गेले.

आमच्या हिंगोली जिल्ह्याला फिरवण्याची परंपरा थोर आहे. औंढ्याला नामदेवांना देवळामागे जाऊन कीर्तन करायला लावले, तर अख्खे देऊळच फिरून त्यांच्या समोर आले, अशी कथा सांगतात. त्याच नामदेवांच्या नर्सीच्या जिल्ह्यात राहून मला मिलिमीटरभर स्क्रू फिरवता येईना!

दोष अर्थातच पेचकसाचा, असे मी ताबडतोब ठरवले. मग अंगणाची चौकशी केली, तर ते खरेच वाकडे निघाले. पाते चाकूसारखे निमुळते होते. असे पाते खाचेच्या फक्त वरच्या कडांना टेकते आणि जोर दिला की वर चढते. टोकाची जाडी खाचेत चपखल बसावी, रुंदी स्क्रूच्या माथ्याहून किंचित कमी असावी. तर्जनीने वरून दाबायचे, अंगठ्याने आणि मधल्या बोटाने फिरवायचे. टोक झिजले, की बारीक दगडावर तेलाचा थेंब टाकून दोन्ही बाजू सारख्या घासायच्या. धार मात्र येऊ द्यायची नाही. आणि पाते स्क्रूपेक्षा जरा मऊ असलेले बरे. बिघडायचेच तर हत्याराने बिघडावे, घड्याळाने नाही.

इथे मी चपापलो. हा नियम पेचकसाचा, की जावयाचा?

कारण घड्याळ सुरू झाले होते, वेळही बरोबर दाखवत होते. झाकणाआडची रेघ सासऱ्यांना जन्मात दिसणार नव्हती. जे दिसत नाही आणि ज्याने काही अडत नाही, त्याला नुकसान म्हणायचे का? माझ्यातला वकील म्हणाला, मुळीच नाही. मग रोज दिवा मालवला की ती मलाच का दिसावी? विचार केला तेव्हा कळले. सासऱ्यांनी घड्याळ माझ्या हाती दिले, ते मला काही न विचारता. विश्वासाने दिलेल्या वस्तूवरचा ओरखडा दिसला नाही, म्हणून लहान होत नाही. उलट तो लपवावा लागतो, तेवढा वाढतो.

दोन आठवडे मी नुसती पाती घासत बसलो. प्रायश्चित्त म्हणून उपासापेक्षा ते बरे. शेवटी वसमतला गेलो आणि चहा यायच्या आधीच सांगून टाकले. चहानंतर सांगणे म्हणजे त्यांचा चहाही बुडवणे.

मामांनी घड्याळ कानाला लावले.

“जावईबापू, आत ओरखडे किती दिसले?”

“माझा एक. शेजारी एक जुना होता.”

“तो माझा,” स्वयंपाकघराकडे एक नजर टाकून ते हळूच म्हणाले. “घड्याळ मूळचं आमच्या सासऱ्यांचं.”

“मग त्यांना सांगितलंत?”

“सांगू, सांगू म्हणता ते गेले. चाळीस वर्षं झाली.” त्यांनी घड्याळ मनगटावर चढवले. “तुम्ही सुटलात. घ्या, चहा घ्या.”