कालामांचा प्रश्न आणि चार आठवड्यांची शाळा

आमच्या विहारात सगळ्यांत जास्त वेळा सांगितलं जाणारं सुत्त म्हणजे कालाम सुत्त. त्यात बुद्ध कालाम लोकांना सांगतात: परंपरेने आलंय म्हणून मानू नका, ग्रंथात आहे म्हणून मानू नका, गुरू म्हणतो म्हणून मानू नका. स्वतः पारखा, हिताचं दिसलं तर धरा. धम्मचक्र प्रवर्तन दिन असो, वर्षावासातलं प्रवचन असो की कुणाचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम, भाषणाला उभा राहिलेला माणूस पाच मिनिटांत केसपुत्तच्या कालामांपाशी पोचतो. मीही पोचलो आहे. माझी हयात रेल्वेत गेली, कर्जत-लोणावळा घाटात इंजिन चालवण्यात; युनियनच्या सभेतसुद्धा मी कालामांना आणून उभं केलेलं आहे.

या सुत्ताची चिनी प्रत आहे आणि ती वेगळी आहे, हे मला निवृत्तीनंतर निवांत वाचन सुरू झालं तेव्हा कळलं. पाली अंगुत्तर निकायातलं हे सुत्त चिनीत मध्यम आगम या संग्रहात आहे. तिथेही कालाम येतात, तिथेही ते गाऱ्हाणं मांडतात की जो येतो तो आपलंच खरं म्हणतो. पण ‘मानू नका’ची ती प्रसिद्ध यादी तिथे नाहीच. उलट बुद्ध म्हणतात, शंकेत अडकू नका. परलोक आहे की नाही हे ठरवण्याइतकं निर्मळ ज्ञान तुमच्याजवळ नाही. आणि मग ते सरळ कर्मावर येतात.

एका रविवारी वंदना झाल्यावर मी हे सांगितलं. एक जण म्हणाले, “चिन्यांनी मागाहून घुसडलं असणार.” दुसरे म्हणाले, “बाबासाहेबांनी दिलंय तेवढं आपल्याला पुष्कळ आहे.” खालापूरहून एक मुलगी येते, बी.एस्सी.ला आहे. तिने विचारलं, “काका, चिनीत असं आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं?” मी म्हटलं, इंग्रजी अनुवादात वाचलं. “म्हणजे ग्रंथात आहे म्हणून मानलंत!” सगळे हसले. मीही हसलो.

पण तिने बरोबर जागी बोट ठेवलं होतं. ऐकीव गोष्टीवर विसंबू नका, असं सांगणारं वचन माझ्यापर्यंत ऐकीवच आलेलं आहे. पालीतून इंग्रजीत, इंग्रजीतून मराठीत, मराठीतून माइकवर. आणि त्याच्याविरुद्ध जाणारी चिनी प्रतही तशीच आली. दोहोंतलं काय धरायचं हे पारखायला माझ्यापाशी साधनच नाही. मग माझ्या बुद्धिवादी धम्मात आणि शेजारच्या देवभोळ्या माणसाच्या श्रद्धेत फरक तो किती? तो पोथीवर विश्वास ठेवतो, मी अनुवादकावर.

या प्रश्नाला माझ्यासाठी दुसरीही एक बाजू आहे, आणि ती जास्त जवळची आहे. बाबासाहेबांचं ‘द अनटचेबल्स’ १९४८ साली आलं. अस्पृश्यता कधी जन्मली हे ठरवताना त्यांनी त्यात दोन चिनी साक्षीदार समोरासमोर उभे केले. एक फाहियान, पाचव्या शतकाच्या सुरुवातीचा. दुसरा ह्युएनत्संग, सातव्या शतकातला. फाहियान सांगतो की चांडाळ वेगळे राहतात आणि नगरात किंवा बाजारात शिरताना लाकूड वाजवतात, म्हणजे लोकांनी ओळखावं आणि बाजूला व्हावं. ह्युएनत्संग खाटीक, मच्छीमार, भंगी यांची खुणा केलेली, गावाबाहेरची घरं सांगतो. या साक्षी तोलून बाबासाहेब इसवी सन ४०० च्या आसपासचा काळ धरतात. त्यांना चिनी येत नव्हतं, ते इंग्रजी भाषांतरांवर चालले. शाळेत त्यांना संस्कृत घ्यायचं होतं तर तेही घेऊ दिलं नाही, पर्शियन घ्यावं लागलं. पुढे त्यांनी स्वतः संस्कृत शिकून घेतलं आणि पालीचा कोश तयार केला. ज्या जिल्ह्यात त्यांनी २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्याचं पाणी उचललं, त्याच जिल्ह्यातला मी. आपल्याबद्दलची पहिली परदेशी साक्ष, आणि ती माझ्या माहितीत आपल्यातल्या कुणी मुळात वाचलेली नाही, ही गोष्ट मला टोचायला लागली.

म्हणून ठरवलं, चीनला जायचं, थोड्या दिवसांसाठी का होईना, भाषा शिकायला. पुतण्या खोपोलीला कारखान्यात आहे. तो म्हणाला, “काका, फोन धरला की सगळं मराठीत दिसतं, शाळा कशाला?” फोन सांगतो म्हणून मानू नका, हे कालामांच्या यादीत नाही, असायला हवं होतं.

शाळा शोधायला बसलो तेव्हा पहिली गोष्ट लक्षात आली ती ही, की बहुतेक शाळा भाषेपेक्षा सहल विकतात. चीनच्या भिंतीवर चढणं, मोमो वळणं, कागदाची कात्रणं, आणि मधल्या वेळात आठवड्याला वीसेक तासिका. एका शाळेने माझं वय विचारून विषय संपवला. बीजिंगचं भाषा आणि संस्कृती विद्यापीठ १९६२ पासून परदेशी विद्यार्थ्यांना शिकवतं, तिथे गर्दी मोठी. तैपेईतल्या नॉर्मल विद्यापीठाचं मंदारिन केंद्र १९५६ चं. तिथे जुनी, न सोपी केलेली अक्षरं शिकवतात, आणि जपानात १९२४ ते १९३४ मध्ये छापलेलं चिनी बौद्ध ग्रंथांचं तायशो त्रिपिटक जुन्याच अक्षरांत आहे. ग्रंथ वाचायचा तर तैपेई, गाडीत शेजारच्याशी बोलायचं तर बीजिंग, असा तो हिशेब. ग्वांगझोऊ सोयीचं, कारण कोलकात्याहून थेट विमान ऑक्टोबर २०२५ पासून पुन्हा सुरू झालंय. पण तिथे वर्गाबाहेर कँटनी कानावर पडणार. १८० दिवसांच्या आतल्या शिक्षणाला वेगळा व्हिसा लागतो, तो मुंबईतून मिळतो.

खरी अडचण यापुढची आहे. मध्यम आगमाचं चिनी भाषांतर ३९७-३९८ सालचं. आजच्या बीजिंगची बोली शिकून ते वाचता येत नाही. चार आठवड्यांत तर नाहीच, चार वर्षांतही आपोआप नाही. मग जायचं कशाला?

कर्जतला गाडीच्या मागे बँकर इंजिनं लागतात. एकास सदतीसचा चढ ती ढकलत नेतात आणि लोणावळ्याला सुटतात. पुढे पुण्यापर्यंत गाडीने आपल्या इंजिनावर जायचं असतं. चार आठवड्यांच्या शाळेकडून मी तेवढंच मागतो. ज्या गाडीला स्वतःचं इंजिनच नाही तिला बँकर लावून उपयोग नाही, हे घाटातला कुणीही सांगेल. म्हणून आधी घरी सुरुवात केली.

घरची सुरुवात मजेची झाली. इंग्रजीतून शिकवणारे मास्तर ‘झेड’ अक्षर दाखवून बराच खटाटोप करतात. तो उच्चार आपल्या ‘चाक’मधला ‘च’ आहे, ‘चार’मधला नव्हे. प आणि फ, त आणि थ यांतला श्वासाचा फरक इंग्रजांना जड जातो, आपल्याला जन्मापासून येतो. अडतं ते सुरांपाशी. घेणं आणि विकणं या दोन क्रियांचा उच्चार एकच, फक्त एकात आवाज खाली जाऊन वर येतो आणि दुसऱ्यात वरून आपटतो. मी सकाळी ओट्याशी उभा राहून घेत आणि विकत असतो. बायको म्हणते, “अहो, नक्की काय द्यायचंय ते एकदा ठरवा.”

आणि पहिल्याच आठवड्याच्या धड्यात झाडाचं अक्षर होतं. उभी रेघ, आडवी रेघ, खाली दोन फांद्या तिरक्या. लाकूड म्हणजेही तेच. मी फाहियानचं ते वाक्य कागदावर मोठ्या अक्षरांत काढून घेतलेलं होतं. त्यात ते अक्षर मला सापडलं. बाकी सगळी ओळ बंद, एक अक्षर उघडं. चांडाळाच्या हातातलं लाकूड. सोळाशे वर्षांपूर्वी एका परदेशी भिक्षूने ते पाहिलं, लिहिलं, आणि मी ते दुभाष्याशिवाय पाहिलं. यात पुरावा म्हणून नवीन काही नाही, अनुवादकांनी बरोबरच सांगितलं होतं. तरी मला त्या दिवशी काम सुचलं नाही.

हा फाहियान ३९९ साली चांगआनहून निघाला तेव्हा साठीच्या घरात होता. त्याला विनयाचे, म्हणजे भिक्षूंच्या नियमांचे, ग्रंथ हवे होते. उत्तरेत त्याला ते नुसते तोंडी चालत आलेले दिसले, लिहिलेले नाहीत. पाटलीपुत्रात लिखित प्रत मिळाली, तेव्हा तिथे तीन वर्षं राहून तो संस्कृत शिकला आणि त्याने नकला उतरवल्या. इत्सिंग हा दुसरा चिनी भिक्षू त्याहून व्यवहारी. ६७१ साली ग्वांगझोऊहून जहाजात बसला, सुमात्रातल्या श्रीविजयात सहा महिने थांबून व्याकरण शिकला, मग ताम्रलिप्तीला वर्षभर, मग नालंदा. मागाहून येणाऱ्यांना त्याने लिहून ठेवलं की भारतात जाण्याआधी श्रीविजयात एक-दोन वर्षं शिकून घ्या. भाषेची शाळा कुठली निवडावी याचा मला माहीत असलेला हा सगळ्यांत जुना सल्ला, आणि आजच्या माहितीपत्रांपेक्षा प्रामाणिक.

आपल्याकडेही अशी माणसं झाली. गोव्यातल्या सांखवाळचे धर्मानंद कोसंबी बौद्ध धर्म कुठे शिकायला मिळेल हे विचारत पुणे, काशी, नेपाळ, कलकत्ता करत सिंहलद्वीपाला पोचले आणि तिथे पाली शिकले. पुढे फर्ग्युसनमध्ये त्यांनी शिकवलं. त्यांचे विद्यार्थी पु. वि. बापट. ‘विमुत्तिमग्ग’ हा ग्रंथ पालीत हरवलेला, सहाव्या शतकातल्या चिनी भाषांतरात राहिलेला. बापटांनी तो पालीतल्या ‘विसुद्धिमग्गा’शी ताडून पाहिला आणि १९३७ साली पुण्यातून तो अभ्यास प्रसिद्ध केला. घाटाच्या वरच्या टोकाला हे काम झालं आणि खालच्या टोकाला आम्हाला त्याचा पत्ता नाही.

आता खालापूरच्या त्या मुलीच्या प्रश्नाकडे. चिनी आलं म्हणजे मी कुणावर विसंबणार नाही, असं सुरुवातीला वाटत होतं. ते तसं नाही. मध्यम आगमाचंच पाहा: मूळ पाठ वाचून दाखवणारा संघरक्ष, तो चिनीत सांगणारा काश्मीरकडचा गौतम संघदेव, उतरवून घेणारा चिनी भिक्षू. चिनी वाचता येणाऱ्यालाही या तिघांवर भरवसा ठेवावाच लागतो. त्यांच्या मागे आणखी पाठ करणारे. पालीचीही कथा निराळी नाही. आधी शतकानुशतकं तोंडी, मग ताडपत्रावर. विश्वासाचा डबा गाडीतून काढून टाकता येत नाही. फक्त विश्वास कुठल्या माणसावर ठेवायचा आणि त्या माणसाला प्रश्न विचारता येईल का, एवढं ठरवता येतं. अनुवादक लंडनमध्ये मेलेला असतो, त्याला विचारता येत नाही. वर्गात समोर शिकवणारी बाई मला मध्येच थांबवून ‘नाही, पुन्हा’ म्हणते, तिला मी ‘का’ म्हणून विचारू शकतो. पारखणं म्हणतात ते मला इथून सुरू होताना दिसतं, एकट्याने पुस्तक उघडून बसण्यात नव्हे.

आमच्या विहारातल्या म्हाताऱ्या बाया त्रिसरण-पंचशील पालीत म्हणतात. व्याकरण त्यांना ठाऊक नाही. पण दारू सोडवण्यापासून भांडण मिटवण्यापर्यंत पंचशील त्यांनी माझ्यापेक्षा जास्त वापरून पाहिलंय. चिनी प्रतीतले बुद्ध कर्माकडे वळतात तेव्हा त्यांच्यासमोर या बायाच बसल्या असाव्यात असं मला वाटतं. म्हणून दोन्ही प्रती मला आता एकमेकींच्या वैरी वाटत नाहीत. एक सांगते नुसतं ऐकून मानू नका, दुसरी सांगते नुसता संशय घेऊन बसू नका. हा माझा अंदाज. भाषा आली की तो चुकीचाही ठरेल.

शाळा निवडताना मला एक जुनी सही आठवली. कर्जतजवळच्या कोंढाण्याच्या लेण्यात, कोंढिवड्याहून वर गेलं की, चैत्याच्या दर्शनी बाजूला एका मोडक्या शिल्पाशेजारी ब्राह्मीत एक ओळ आहे: हे काम कण्हाचा शिष्य बलक याने केलं. पावसाळ्यात लेण्याच्या तोंडावरून धबधबा पडतो, ट्रेकची पोरं तिथे सेल्फी काढतात आणि ओळ कुणी पाहत नाही. इतकं मोठं लेणं, आणि सही करताना या माणसाने आपल्या नावाआधी मास्तरचं नाव घातलं. मला शाळा निवडायची ती त्या हिशेबाने.

मग मी सगळ्या शाळांना एकच गोष्ट विचारली: वर्गात किती जण, आणि चुकल्यावर बाई थांबवतात की पुढे जातात? बहुतेकांनी उत्तरात पुन्हा भिंतीची छायाचित्रं पाठवली. बीजिंगच्या एका छोट्या शाळेने लिहिलं, सहा जण, आणि थांबवतो, विद्यार्थी कंटाळतात. पैसे तिथे भरले. ग्वांगझोऊला उतरून बीजिंगला रेल्वेने जाणार आहे. २०१२ पासून तो वेगवान मार्ग पूर्ण आहे, सुमारे २३०० किलोमीटर आठेक तासांत, आणि तो न बघता विमानाने वरून जाणं माझ्याच्याने व्हायचं नाही.

सोबत कालाम सुत्ताची चिनी प्रत छापून नेतोय. शेवटच्या आठवड्यात बाईंपुढे ठेवीन. बहुधा त्या म्हणतील, इतकं जुनं चिनी मलाही नीट लागत नाही. मग विचारीन, कुणाला लागतं, आणि त्या माणसाचा पत्ता मागीन.