अर्धा दिवस कोणाचा?

दौलतराव शिंद्यांच्या छावणीभोवती वसलेल्या ग्वाल्हेरच्या कंपू भागात एक मराठी तरुण राहत होता. बी.कॉम. झाल्यावर तो ट्रान्सपोर्ट नगरात मामांच्या हाताखाली मालवाहतुकीची दलाली शिकू लागला. धंदा त्याला सोपा वाटला. मुरैन्याच्या तेलमिलला गाडी हवी असते आणि नाशिककडचा ट्रकवाला परतीचं भाडं शोधत बसलेला असतो. दोघांची गाठ घालायची, बिल्टी फाडायची, कमिशन घ्यायचं!

मामा मात्र आधी गाडीची आरसी, फिटनेस, परमिट, विमा आणि ड्रायव्हरचं लायसन बघायला लावत. मग बोलणी.

भाच्याचा पहिला सौदा ठरला : मोहरीच्या तेलाचे डबे, मुरैना ते नाशिक. बरंचसं भाडं अ‍ॅडव्हान्स, उरलेलं पोच हातात आल्यावर.

गाडी निघाली. वाटेत एका रात्री ड्रायव्हरचा फोन आला. सेंधव्यापुढे बिजासन घाटात गाडीच्या स्प्रिंगचा पाटा तुटला होता. सकाळी माल मागवणाऱ्या नाशिकच्या शेठनी विचारलं, "गाडी कुठवर आली?"

"धुळं ओलांडलं, शेठ. दुपारी दारात."

मामांनी ऐकलं. "खरंच ओलांडलं?"

"नाही हो मामा. पण दुपारपर्यंत होईल दुरुस्त. उगाच कशाला घोर लावायचा? सगळे असंच सांगतात."

"लाव परत फोन. खरं काय ते सांग."

शेठ भडकले. भाच्याला चार शब्द ऐकून घ्यावे लागले. पण शेठनी लगेच हमालांची टोळी दुसऱ्या गाडीवर लावली आणि गिऱ्हाइकांना उद्याची वेळ दिली. इकडे मामांनी मालासोबतच्या ई-वे बिलाची मुदत बघायला सांगितलं. २०२१पासून दर २०० किलोमीटरला एकच दिवस मिळतो. मुदत त्याच रात्री संपत होती, आणि ती वाढवून घ्यायला संपण्याआधीचे आणि नंतरचे आठ-आठ तासच असतात. भाच्याने वेळेत अर्ज केला.

माल दुसऱ्या दिवशी उतरला. शेठनी उशिराबद्दल भाडं कापलं. ट्रकवाल्याचं नुकसान नको म्हणून मामांनी ते कमिशनमधून भरलं.

भाचा हिरमुसला. "खरं बोलून काय मिळालं? खोट्यानं निदान अर्धा दिवस तरी मिळाला असता."

"मिळाला असता," मामा म्हणाले, "पण तो अर्धा दिवस शेठचा होता. हमाल हलवायला, गिऱ्हाइकाला कळवायला त्यांना तो हवा होता. तू तो न विचारता घेत होतास. आपल्याकडे ना गाडी, ना माल. गाडी कुठे आहे ही बातमी तेवढी आपली. तीच खोटी निघाली, तर कमिशन कशाचं मागायचं?"

पुढच्या मोसमात शेठनी पुन्हा गाडी मागितली. दरावर मात्र पूर्वीसारखीच घासाघीस केली.

तात्पर्य : अडचण लपवून मिळवलेला वेळ आपला नसतो, ज्याच्यापासून ती लपवली, त्याच्या हातून तो गेलेला असतो.