आम्रपाली आणि आरसा

वैशालीची गणिका आम्रपाली पुढे भिक्खुणी झाली. थेरीगाथेत, म्हणजे बौद्ध भिक्खुणींच्या काव्यसंग्रहात, तिच्या नावावर असलेल्या गाथांमध्ये ती आपले केस, भुवया, डोळे, नाक, दात एकेक करून न्याहाळते. तेव्हा कसे होते, आता कसे झाले! तक्रार नाही, लाजही नाही. अनित्यतेचा पुरावा ती स्वतःच्याच देहावर तपासते.

देहावरच्या या बदलाचं कारण आजचं त्वचाशास्त्र सांगतं. पाळी गेली की इस्ट्रोजेन घटतं आणि पहिल्या पाच वर्षांत त्वचेला घट्ट ठेवणारं कोलॅजेन सुमारे ३० टक्क्यांनी कमी होतं. त्यात सततचा ताण असला, तर कॉर्टिसॉल या ताणाच्या संप्रेरकामुळे कोलॅजेनची घडण आणखी मंदावते, झोपही उडते. सकाळी चेहरा ओढलेला दिसतो.

पण हा ताण येतो कुठून?

लेखिका सुझन सॉन्टॅग यांनी १९७२ च्या निबंधात समाजाच्या दुटप्पी मोजमापावर बोट ठेवलं. पुरुष वयानं भारदस्त ठरतो, बाई मात्र उतरलेली. या मोजमापाच्या धास्तीनं बाई चेहऱ्याची चिंता करत राहते, म्हणजे चेहऱ्याच्या चिंतेनंच चेहरा थकतो.

इथे आम्रपालीची अलिप्तता कामी येते, पण अर्धीच. अनित्यता पुरुषालाही चुकलेली नाही. मग हिशेब बाईनं एकटीनंच का द्यायचा? हा प्रश्न लग्नघरात 'किती गं उतरलीस!' म्हणणाऱ्यांना विचारायला हवा.