घट्ट म्हणजे किती

शिरवळच्या पुढं, हायवेला लागून एका मामांचं टायरचं दुकान होतं. तीस वर्षं चाकपान्यावर जोर देऊन नट सोडवता सोडवता मामांचा उजवा खांदा कामातून गेला, तेव्हा कुठं त्यांनी बॅटरीवरची गन घेतली. 18 व्होल्टची. खोक्यावर 500 न्यूटन-मीटर असं ठळक छापलेलं. छोट्या गाडीच्या चाकाच्या नटाला लागतात साधारण 100. मामांनी तो आकडा दोनदा वाचला आणि खोकं माळ्यावर टाकलं. हाताखाली भाचा होता, एकोणीस वर्षांचा. त्यालाही तो आकडा दिसला होता, आणि तो फारच आवडला होता.

मामांनी सांगायचं ते सांगितलं. नट आधी बोटानं तीन-चार आटे फिरवायचा, मग गन. नटावर बसणारी गोटी बदलताना बॅटरी काढायची. सैल हातमोजे घालायचे नाहीत, दोरा गोटीत गुंतला की बोटही त्याच्यामागं जातं. डोळ्यांवर चष्मा. आणि गननं नट नुसता टेकवायचा. गाडी जॅकवरून खाली घेतली की शेवटचा पीळ टॉर्क पान्यानं, ‘कट’ आवाज येईपर्यंत.

भाच्यानं निम्मं ऐकलं. पहिल्याच आठवड्यात हातपान्याच्या पेटीतली चकचकीत क्रोमची गोटी त्यानं गनला लावली. तिसऱ्या नटाला ती तडकली आणि तुकडा शटरवर जाऊन आदळला. मामा काही बोलले नाहीत. जाड भिंतीची काळी गोटी त्याच्या हातात दिली आणि खुंटीवरचा चष्मा काढून त्याच्या नाकावर बसवला. क्रोमची गोटी कडक असते, हाताच्या ओढीला टिकते; ठोके खायला ती केलेलीच नसते.

खरी गोम त्या ठोक्यांतच आहे. ही गन नट सरळ पिळत नाही. आतला हातोडा फिरत येतो आणि पुढच्या दांड्याला ठोका घालतो, मिनिटाला दोन-अडीच हजार वेळा. मार सगळा नटाला, मनगटाला जवळजवळ काहीच नाही. हाताच्या पान्याला दंड भरून आला की माणूस आपोआप थांबतो. गन धरलेल्या माणसाला ‘पुरे’ म्हणणारं त्याच्या अंगात काही उरत नाही. बोट घोड्यावर आहे तोवर नट आवळतच राहतो.

एका सकाळी एक बाई पंक्चर काढायला आल्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, बरोबर सून आणि मांडीवर नातू, साताऱ्याला निघालेल्या. चाक बसवताना म्हणाल्या, “घट्ट बसव हं बाळा, घाट चढायचाय.” पोरगं खूश झालं. एकेका नटावर गन चांगली तीन-तीन सेकंद जास्त धरली. टॉर्क पाना भिंतीवरच राहिला. मामा तेव्हा बँकेत गेले होते.

बाईंची साताऱ्यातली कामं लांबली. रात्री पुण्याकडं परतताना, घाटातल्या बोगद्याच्या अलीकडं, खिळ्यानं तेच चाक पुन्हा बसलं. पावतीवरचा नंबर लावून त्यांनी दुकानात फोन केला. “स्टेपनी आहे, पण नट हलत नाहीत. सून पान्यावर उभी राहिली तरी नाही.”

मामा-भाचे टेम्पो घेऊन निघाले. पोचल्यावर भाच्यानं ऐटीत गन काढली, नटाला लावली. एक घरघर झाली आणि दिवा विझला. संध्याकाळी तापलेली बॅटरी त्यानं तशीच चार्जरला लावली होती. गरम बॅटरी चार्जर घेत नाही, लाल दिवा लुकलुकवत ती निवायची वाट बघतो. पोराला वाटलं, चार्ज होतेय. अर्ध्या तासानं दुकान बंद करताना त्यानंच मेन स्विच पाडला होता.

मामांनी रस्त्याकडेला मागं लाल त्रिकोण ठेवला, सगळ्यांना कठड्याकडं नेऊन उभं केलं आणि टेम्पोतला पाईप काढून गाडीच्याच पान्याच्या दांड्यावर चढवला. “घे.”

पहिला नट किंचाळत सुटला. दुसऱ्याला पाना निसटून पोराचा अंगठा सोलला. बाई टॉर्च धरून उभ्या होत्या. त्या अगदी सहज म्हणाल्या, “मीच म्हटलं होतं ना रे, घट्ट बसव म्हणून. तू चांगलंच बसवलंस. आम्हीच कमी पडलो.”

त्या टोचून बोलल्या असत्या तर पोराला बरं वाटलं असतं.

चौथ्या नटाबरोबर स्टडचे आटे शेवयांसारखे बाहेर आले. स्टड ताणला गेला होता. स्टेपनी तीन नटांवर बसवून, मामांनी गाडी चाळीसच्या पुढं जाऊ न देता दुकानापर्यंत आपल्या मागून आणली. रात्री नवा स्टड ठोकला, आणि चारी नट समोरासमोरच्या क्रमानं टॉर्क पान्यानं लावले. भाचा वाकून बघत होता. 100 ला ‘कट’ वाजलं तेव्हा त्याच्या तोंडून निघालं, “एवढंच?”

“एवढंच,” मामा म्हणाले, आणि पैसे न घेता बाईंना जायला सांगितलं.

दुसऱ्या दिवसापासून बॅटरी अर्धा तास सावलीत निवायला लागली. गनच्या जाळीतली धूळ रोज सुक्या फडक्यानं निघू लागली. मामांनी त्यातलं काही पुन्हा सांगितलं नाही. पण पोरानं एक खोड स्वतःच लावून घेतली, ती कुठल्याच माहितीपुस्तकात नसेल. चाक बसलं, ‘कट’ वाजलं, की तो गिऱ्हाइकाला डिकी उघडायला लावायचा. गाडीचा स्वतःचा पाना, तो वीतभर दांड्याचा, शोधून काढायचा.

एकदा एक घाईतले साहेब वैतागले. “झालं ना आता? हे कशाला?”

पोरानं पाना त्यांच्या हातात दिला. “एक नट सोडून बघा साहेब. सुटला की मी परत लावतो.”