पुसणाऱ्या हाताचा प्रमाद

हेतू चांगला असला की कृती निर्दोष ठरते का? या जुन्या प्रश्नाची कसोटी धुतलेली गाडी कोरडी करण्यासारख्या साध्या कामातही लागते. गाडीच्या रंगावरचे पारदर्शक आवरण, क्लिअर कोट, साधारण 40 ते 50 मायक्रॉन जाडीचे, म्हणजे डोक्यावरच्या केसाहून पातळ असते. धुतल्यावरही खाचाखोचांत धूळ उरते आणि तिच्यातला क्वार्ट्झ काचेपेक्षा कठीण असतो. जुन्या बनियनचे फडके दाबून गोल फिरवले की हेच कण ओरखडे काढत जातात. न पुसता गाडी उन्हात सोडली, तर बोअरच्या जड पाण्यातले क्षार थेंबाथेंबाचे डाग होऊन बसतात. इथे नुकसान करणारा हात आस्थेनेच फिरत असतो.

म्हणूनच जैन विचार मला इथे जवळचा वाटतो. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेच्या व्याख्येतच प्रमाद, म्हणजे बेसावधपणा, येतो. मुनींच्या पाच समितींपैकी, म्हणजे सावध वागण्याच्या नियमांपैकी, आदाननिक्षेपण समिती वस्तू उचलताना-ठेवताना घ्यायच्या दक्षतेची आहे, आणि दिगंबर मुनींच्या हाती मोरपिसांची पिंछी असते ती झाडताना जिवाला इजा होऊ नये म्हणून. साधन मऊ असणे हा तिथे आचरणाचाच भाग आहे. यावर कोणी म्हणेल, ती दक्षता जिवांसाठी. पत्र्याला कुठे वेदना होतात? बरोबर आहे, ओरखड्याला हिंसा म्हणणे म्हणजे शब्द स्वस्त करणे होईल. पण सावधपणा ही हाताची सवय आहे, आणि समोर काय आहे ते पाहून ती चालू-बंद करता येत नाही. सावध हात आधी नळीचा नोझल काढून संथ पाणी सोडतो, म्हणजे बरेचसे थेंब त्याबरोबर ओघळून जातात. मग सावलीत जाड, स्वच्छ मायक्रोफायबर पसरून तो पाणी टिपून घेतो, घासत नाही. आरसे आणि हँडलच्या फटींत ब्लोअरची हवा पुरते, तिथे स्पर्शही नको.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे: ओरखड्याची एवढी धास्ती हा परिग्रहच, म्हणजे वस्तूंची आसक्तीच, नव्हे का? चकाकीसाठी असेल तर आहेच. पण पॉलिशने ओरखडे काढताना दर वेळी ते आवरण थोडे झिजते, आणि ते संपले की नवा रंग, नवी रसायने. जपून वापरलेली वस्तू नव्या वस्तूची हाव कमी करते, म्हणून जपणुकीला आसक्ती म्हणणे मला पटत नाही. आसक्ती दिसते ती सोसायटीच्या पार्किंगमध्ये. तिथे पहाटे एकच बादली आणि एकच फडके घेऊन एक माणूस रांगेने गाड्या पुसतो, आणि ओरखडा दिसला की मालक त्याच्यावर ओरडतो. तो प्रमाद त्या माणसाचा नाही. इतक्या गाड्यांना पुरेल एवढे पाणी आणि कोरडी, स्वच्छ फडकी त्याला कोणी दिलेलीच नसतात.